डोकं आलं, खांदा अडला

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळंतपण झालं. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि बाळ तिथंच थांबलं. एकदम धावपळ उडाली. दोघींनी माझे पाय पोटाकडे दाबले, एका सिस्टरनं ओटीपोटावर जोरात दाब दिला. बाळ ३ किलो ८०० ग्रॅमचं होतं. त्याचा उजवा हात दोन महिने हलत नव्हता, आता पूर्ण बरा आहे. ‘तू नीट जोर लावला नाहीस’ असं तेव्हा मला ऐकवलं गेलं, ते मनातून जात नाही. आता पाचवा महिना चालू आहे. चूक माझी होती का? या वेळी सिझेरियनच करून घेऊ का?

उत्तर : आधी त्या वाक्याबद्दल. ते चूक होतं, आणि तुम्हाला ते ऐकावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं. पोटाच्या अगदी खाली, मधोमध जघनाचं हाड असतं. डोकं बाहेर आल्यावर पुढचा खांदा त्या हाडामागे अडकतो. तिथं आईनं आणखी जोर केला तर खांदा हाडावर अधिकच घट्ट बसतो. म्हणून त्या क्षणी आम्हीच सांगतो, ‘आता जोर करू नका.’ हजार बाळंतपणांत साधारण सहा-सात वेळा असं होतं.

माझ्या हातून झालेलं असं पहिलं बाळंतपण मला लख्ख आठवतं. डोकं आलं आणि लगेच मागे ओढल्यासारखं झालं, कासवानं मान आत घ्यावी तसं. गाल फुगून दबले, हनुवटी दिसेना. माझे हात आपसूक डोक्याकडे गेले. शेजारच्या अनुभवी सिस्टरनं माझं मनगट धरलं. ‘ओढायचं नाही, डॉक्टर.’ मग तिनं एकीला घड्याळ बघून मिनिटं मोठ्यानं सांगायला लावलं, पलंगाची उशाकडची बाजू सपाट केली आणि दोघींना आईच्या मांड्या पोटावर दुमडायला सांगितलं. याला मॅकरॉबर्ट्सची पद्धत म्हणतात. कमरेचा बाक सपाट होतो, जघनाचं हाड वर सरकतं आणि बहुतेक बाळं एवढ्यानंच सुटतात. तुमचे पाय दाबले ते यासाठी. ओटीपोटावरचा दाबही बरोबर होता. बाळाच्या पाठीच्या बाजूनं, हाडाच्या जरा वर तळहातानं दाबलं की खांदा तिरका होऊन निसटतो. पोटाच्या वरच्या भागावर मात्र कधीच दाबायचं नसतं. त्यानं खांदा आणखी रुततो आणि गर्भाशय फाटण्याची भीती असते.

त्या दिवशी या दोन्हींनी काम झालं नाही. मागच्या बाजूला, माकडहाडापाशी, पोकळी असते. तिथून मी हात आत घातला. बाळाचा कोपर सापडला, ऊबदार आणि बुळबुळीत. तो दुमडून हात छातीवरून सरकवत बाहेर काढला आणि मागोमाग बाळ आलं. तो कोपर माझ्या बोटांना अजून आठवतो. योनीच्या तोंडाशी नुसता छेद देऊन हे सुटत नाही, कारण अडथळा हाडाचा असतो. छेद द्यायचा तो हात आत जायला जागा हवी म्हणून.

तुमच्या बाळाचा हात लुळा पडला तो मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्यामुळे. डोकं ओढल्यानं असं होतं, पण प्रसूतीच्या जोरानंही होऊ शकतं. त्यामुळे कुणावर ठपका ठेवायची घाई मी करणार नाही. अशा दहा बाळांपैकी नऊहून अधिक बरी होतात. आणि ही इजा सरावानं टाळता येते, यावर माझा ठाम विश्वास आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एका रुग्णालयात प्रसूती विभागातल्या सगळ्यांना बाहुलीवर दर वर्षी अडकलेला खांदा सोडवण्याचा सराव दिला जातो. बारा वर्षांच्या सरावानंतरच्या नोंदींत खांदा अडकलेल्या एकाही बाळाच्या हाताच्या नसांना कायमची इजा नव्हती.

आता तुमचा निर्णय. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तरी बहुतेकींना ते पुन्हा होत नाही. वजनावरून अंदाज बांधणंही अवघड. अडकणाऱ्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी चार किलोच्या आतलीच असतात, आणि सोनोग्राफीतलं वजन हा अंदाजच असतो. साखरेची तपासणी मात्र चुकवू नका. मधुमेह असेल आणि बाळ साडेचार किलोच्या पुढे वाटत असेल तर मी सिझेरियनच सुचवेन. तसं नसेल तर दोन्ही वाटा योग्य आहेत. मागच्या अनुभवाची धास्ती वाटते म्हणून सिझेरियन मागितलंत तर त्यात गैर काही नाही.

याच महिन्यात मागच्या बाळंतपणाचे कागद मागून घ्या. डोकं आणि धड यांत किती मिनिटं गेली, कोणता खांदा पुढे होता, काय काय केलं, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. ते डॉक्टरांना दाखवा. आणि कळा सुरू होऊन दाखल व्हाल तेव्हा दारात भेटेल त्या सिस्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मागच्या वेळी खांदा अडकला होता.’ म्हणजे जास्तीचे हात आधीच खोलीत येऊन उभे राहतील.