बेडकाच्या नजरेने पाहणारा माणूस

प्रश्न : भाचीने इंग्लिश लेखक रॉजर डीकिन यांचे ‘वॉटरलॉग’ भेट दिले. मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, आता रोज दादरच्या तरणतलावावर जातो. पुस्तकात शर्यत नाही, विक्रम नाही, माणूस नुसता पोहत सुटलाय. मग त्याचे एवढे नाव का? आणि मुंबईत असे उघड्यावर पोहता येईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : विहिरीत शिकलात ना, मग निम्मे उत्तर तुमच्याजवळच आहे. सूर मारून वर आलात की डोळे पाण्याच्या पातळीला असतात. चिऱ्यांमधले नेचे, काठावरचे पाय, वर आभाळाचा तुकडा. विहिरीतला बेडूक म्हणून आपण ज्याला हिणवतो, त्याचीच नजर डीकिन यांना हवी होती. जमीन पाण्यातून पाहायची, एवढाच त्यांचा हट्ट.

जन्म १९४३चा, इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा. सफकमधल्या मेलिस गावी त्यांनी मोडकळीला आलेले जुने लाकडी घर घेतले, स्वतःच्या हाताने उभे केले आणि २००६ साली जाईपर्यंत तिथेच राहिले. घराजवळ पाण्याने भरलेला जुना खंदक होता. भर पावसात त्या खंदकात पोहताना त्यांना वाटले, असेच पोहत सारा देश पाहावा. अमेरिकन लेखक जॉन चीव्हर यांची एक कथाही मनात होती : एक माणूस शेजाऱ्यांचे तलाव पोहत पोहत घरी निघतो, ती. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांपासून डीकिन यांनी सुरुवात केली. समुद्र, नद्या, डोंगरातली तळी, गावोगावचे उघडे तरणतलाव, काही म्हणून सोडले नाही. पुस्तक १९९९ला आले.

मला त्यातले विंचेस्टरचे प्रकरण फार आवडते. इचेन नदीत पोहले म्हणून राखणदार अंगावर आले आणि डीकिन त्यांच्याशी हुज्जत घालत उभे राहिले. पायवाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना, मग वाहत्या पाण्यावर मालकी कुणाची? इंग्लंडमध्ये आजही बहुतेक नद्यांत उतरायचा सरसकट हक्क नाही; स्कॉटलंडने तो २००३च्या कायद्याने दिला. पुस्तकानंतर तिकडे उघड्या पाण्यात पोहणाऱ्यांचे गट वाढले, हे खरे; पण डीकिन यांचा मोठा वारसा मला हा मालकीचा प्रश्नच वाटतो.

आता मुंबई. पवईत मगरी आहेत. विहार पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे आणि मगरी तिथेही आहेत. दोन्हीकडे उतरायचा विचारही नको. पावसाळी समुद्र तर अजिबात नको. धाडसाचा प्रश्न येतो तिथे डीकिनच पाहा : स्कॉटलंडमधल्या कॉरिव्रेकनच्या समुद्री भोवऱ्यापर्यंत ते गेले, पाहिले आणि पाण्यात न उतरता परतले. पावसाळा सरल्यावर, भरती-ओहोटी जाणणाऱ्या अनुभवी पोहणाऱ्यांच्या गटात, रीतसर परवानगी आणि सोबत होडी असेल तर समुद्रात जरूर जा. घारापुरी ते गेटवे अंतर आपले लोक असेच पोहतात.

नद्यांचे मात्र मनापासून दुःख होते. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा : चारही आपल्याच डोंगरात, आताच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात उगम पावतात. पावसाळ्यात दहिसर नदी उद्यानात खडकांवरून कशी स्वच्छ वाहते ते पाहा, मग तीच खाली वस्तीत पाहा. तिकडे पाणी मालकांनी अडवले, इथे आपण सांडपाणी सोडून ते स्वतःच गमावले. ही नदी आपली आहे असे म्हणणारी माणसे वाढल्याशिवाय तिच्यात पाय घालायचीही सोय होणार नाही. तुमच्यासारख्या पाणी जाणणाऱ्यांनी नदी वाचवणाऱ्या गटांत गेलेच पाहिजे.

‘वॉटरलॉग’ संपले की भाचीला ‘नोट्स फ्रॉम वॉलनट ट्री फार्म’ मागा. वॉलनट ट्री फार्म म्हणजे त्यांचे मेलिसचे घर; त्यांच्या वह्यांतल्या नोंदी आहेत, २००८ साली, मृत्यूनंतर छापलेल्या. झाडांवरचे ‘वाइल्डवुड’ त्यानंतर घ्या. ते संथ आहे, सुट्टीतच वाचावे.