पोट आत ओढून धरायचं म्हणजेच कोअर का?

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, बँकेत दिवसभर बसून काम. तीन महिने पिलाटिसच्या मॅट क्लासला जातेय. शिकवणारी सारखी "कोअर एंगेज करा" म्हणते, मी पोट आत ओढून धरते, पण मग श्वास अडकतो आणि पाय उचलले की कंबर दुखते. प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरणं) मात्र दीड मिनिट होतं! चुकतंय कुठे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दीड मिनिट प्लँक म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही हो. श्वास अडकतो असं तुम्हीच लिहिलंय ना, गडबड तिथेच आहे.

कोअर म्हणजे नुसतं समोरचं सिक्स पॅकवालं पोट नाही. स्टीलचा डबा डोळ्यासमोर आणा. वरचं झाकण म्हणजे श्वासपटल, बूड म्हणजे पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, भोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला पोटाचा आतला स्नायू ट्रान्सव्हर्स अ‍ॅब्डोमिनिस आणि मागे मणक्यांना चिकटून छोटे छोटे मल्टिफिडस स्नायू. श्वास घेतला की झाकण खाली येतं, तेव्हा पोट आणि बरगड्या थोड्या फुगायलाच हव्यात, आणि तुम्ही तर चारी बाजूंनी आवळून बसलाय, मग श्वास जाणार कुठे, तो खांद्यात आणि मानेतच चढणार. परकराची नाडी बांधताना आपण पोट जेवढं आत घेतो ना, तेवढंच पुरे, त्याहून जास्त नको.

आता कंबर. पाय उचलणारा सोअस स्नायू थेट कमरेच्या मणक्यांना जोडलेला असतो. पाय वर जाताना आतल्या स्नायूंनी मणका धरून ठेवला नाही तर सोअस त्यालाच पुढे खेचतो, कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि दुखते. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं होतं की निरोगी माणसाचा हात हलायच्या आधीच ट्रान्सव्हर्स कामाला लागतो, कंबरदुखीवाल्यांचा उशिरा जागा होतो. (पुढे तो एकच स्नायू वेगळा काढून आवळायचं फॅड आलं, त्याच्या मागे लागू नका.) म्हणजे ताकदीइतकंच टायमिंगही लागतं. ही पद्धत काढणारे जोसेफ पिलाटिस स्वतः तिला कंट्रोलॉजी म्हणायचे, त्यात कंट्रोल आहे, आवळणं कुठेय?

घरी एक करून बघा. उताणं झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर, बेंबीच्या खाली, ओटीपोटावर अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेवा. श्वास सोडत उजवं पाऊल चार बोटं उचला, खाली ठेवा, मग डावं. वाटी कलंडली की ओटीपोट हललं समजायचं. बहुतेकांची एक बाजू जास्त कलंडते, माझी डावी, दोनदा ड्रेस भिजवलाय मी! वाटी स्थिर राहील तेवढंच पाऊल उचला, मग ते दोन बोटंच का असेना, आणि कच्च्या बाजूला दोन-चार वेळा जास्त करा.

क्लासमध्ये हंड्रेड करताना, म्हणजे उताणं झोपून पाय वर धरून हात वर-खाली हलवत पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, अशा दहा फेऱ्या, तेव्हा काही आठवडे पाय हवेत सरळ नकोच, तळवे जमिनीवरच राहू देत, शिकवणारीला तसं सांगून टाका, इतरांचे पाय वर दिसले तरी. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र वाटी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.