मतदारांचा अभ्यास सुरू करताना

कोणते मतदार कोणाला मत देतात, हा अभ्यासाचा विषय छान निवडला आहेस. आधी एकच विधानसभा मतदारसंघ घे आणि त्याचा नमुना २० (Form 20, म्हणजे अंतिम निकालाचा तक्ता) मिळव. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. मात्र एखाद्या केंद्रावर एका पक्षाला भरघोस मतं पडली, म्हणून तिथल्या अमुक जातीने त्यालाच मत दिलं असं लिहू नकोस. नवखे सर्वाधिक इथेच चुकतात. केंद्राचा आकडा एकेका मतदाराबद्दल सांगत नाही, त्यासाठी सर्वेक्षणच लागतं.

त्यात दोन गोष्टी पाळ:

- माणसं मतदार यादीतून यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखी, निवड. चहाच्या टपरीवरची नकोत, तिथे बायका क्वचितच भेटतात.
- मत कोणाला दिलं हे तोंडी विचारू नकोस. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांसारखी नमुना मतपत्रिका आणि पेटी वापर, म्हणजे माणूस गुपचूप खूण करून ती स्वतःच पेटीत टाकेल.

रिग्रेशनची (आकड्यांमधला संबंध मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीची) घाई नको. आधी काही प्रश्नावल्या स्वतः घरोघरी जाऊन भरून घे.