विचारा बिनधास्त: जुना ब्राउझर सांभाळायचा की सोडून द्यायचा?

प्रश्न: नमस्कार. कराडजवळ आमची ऊसरोपांची रोपवाटिका आहे. साइटवर ८६०३२ आणि २६५ या जातींची रोपं, दर, बुकिंगचा फॉर्म असं सगळं होतं, साधीच होती पण चालायची. गेल्या महिन्यात नवीन करून घेतली, दिसायला एकदम झकास, पण आता रोज दोन-चार फोन येतात की नुसतं पांढरं पान दिसतंय म्हणून. एकाकडे तर जिओफोन निघाला. डेव्हलपर म्हणतो जुने ब्राउझर आता कोणीच सपोर्ट करत नाही, लोकांना फोन बदलायला सांगा. वडील म्हणतात गिऱ्हाइकाला फोन बदल म्हणणारा दुकानदार मी अजून बघितला नाही. कोणाचं ऐकू? – एक रोपवाटिकावाले

उत्तर: वडिलांचं. म्हणजे डेव्हलपर अगदीच चुकीचं बोलतोय असं नाही, पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. जुन्या फोनवर साइट देखणी दिसली पाहिजे असं कोणीच म्हणत नाहीये, दर वाचता यावा आणि बुकिंग व्हावं एवढंच मागणं आहे.

पांढरं पान का येतं ते बघा. सीएसएस, म्हणजे रंगरूप मांडणीचा भाग, हा स्वभावाने गरीब. त्यातली एखादी ओळ ब्राउझरला कळली नाही तर तो तेवढी ओळ सोडतो आणि पुढे जातो. जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-चालतं करणारा प्रोग्राम, त्याचं तसं नाही. प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब अशी एक खूण हल्ली सगळे डेव्हलपर सर्रास वापरतात, क्रोममध्ये ती २०२० साली आली, ८० नंबरच्या आवृत्तीत. त्याआधीच्या ब्राउझरला ती दिसली की तो अख्खी फाइलच नाकारतो, एक ओळसुद्धा चालवत नाही. आणि तुमची नवीन साइट बहुतेक अशी बनवलीये की दर, फोटो, फॉर्म सगळं जावास्क्रिप्टच येऊन पानावर मांडतं. ते आलंच नाही तर पान कोरं. आधीच्या साध्या साइटवर हे होत नव्हतं कारण मजकूर थेट पानातच होता.

जिओफोनचं म्हणाल तर तो आला २०१७ मध्ये, त्यातल्या कायओएस या सिस्टिमचं ब्राउझर-इंजिन मात्र फायरफॉक्स ४८ चं, म्हणजे २०१६ चं. नवीन कोरा घेतला तेव्हाच ब्राउझर वर्षभर शिळा! त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष.

आता डेव्हलपरची बाजू. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ चा ब्राउझर, त्याने एका पिढीचे केस पिकवले. यूट्यूबवाल्यांचे प्रत्येक मोठ्या कामात एक-दोन आठवडे त्याच्यासाठी ठिगळं लावण्यात जायचे, शेवटी २००९ मध्ये तिथल्या काही इंजिनियर लोकांनी वरिष्ठांना न विचारताच साइटवर सूचनेची पट्टी टाकली की तुमच्या ब्राउझरचा सपोर्ट लवकरच बंद होणार. लोकांनी भराभरा ब्राउझर बदलले, आणि २०१० मध्ये यूट्यूबने तो सोडलाच. पण तिथे बदलणं फुकट होतं हो, एक डाउनलोड करायचं. जिओफोनवाला काय डाउनलोड करणार?

त्या पट्टीवाल्यांपैकीच एक, ख्रिस झकारियस, त्याची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. त्याने व्हिडिओचं पान सव्वा एमबीवरून शंभर केबीच्या खाली आणलं, आणि आकडे बघतो तर पान उघडायला लागणारा सरासरी वेळ उलट वाढलेला! कारण काय, तर ज्यांच्याकडे आधी पान उघडायला वीस मिनिटं लागायची असे लोक आता दोन मिनिटांत बघू लागले होते, ते आधी मोजणीतच नव्हते. म्हणून डेव्हलपर जर अॅनालिटिक्स, म्हणजे साइटवर कोण येतं त्याची मोजणी, दाखवून म्हणाला की जुने ब्राउझर फक्त एक टक्का आहेत, तर त्याला विचारा की बाबा ही मोजणीसुद्धा जावास्क्रिप्टनेच होते ना, मग पांढरं पान बघून परत गेलेला माणूस मोजला कुठे?

त्याला करायला सांगायचं ते एवढंच. दराचा तक्ता, फोन नंबर आणि फॉर्म हे थेट पानात असू दे, सर्व्हरवरूनच तयार होऊन येऊ दे. फॉर्म १९९५ च्या एचटीएमएल २ मध्येसुद्धा, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीतही, होता, तो भरून पाठवायला जावास्क्रिप्ट लागत नाही. बाकी झकास प्रकार वेगळ्या फाइलमध्ये आणि तिच्यावर 'मॉड्यूल' असा शिक्का, जुना ब्राउझर तो शिक्का बघून ती फाइल उघडतच नाही. बीबीसीच्या बातम्यांची साइट बरीच वर्षं अशाच धोरणावर चालली, आधी साधं पान सगळ्यांना आणि वरची सजावट ज्याला झेपेल त्याला. आणि हो, नंबर असा टाका की दाबला की कॉल लागला पाहिजे. शेतकरी फॉर्मपेक्षा तेच करणार, पैज लावा.

एका ठिकाणी मात्र मीही नाही म्हणेन. जुन्या फोनसाठी म्हणून टीएलएस (ब्राउझर आणि साइटमधल्या बोलण्याला लागणारं कुलूप) १.० किंवा १.१ चालू ठेवा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, ती कुलपं आता कुचकामी आहेत, २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनीच ती काढायला घेतली. तेवढ्यावरच चालणारा फोन असेल तर त्या माणसाचं बुकिंग फोनवर घ्या.

प्रश्न: दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे, क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. काही साइट अर्धवट उघडतात. काय करू? – एक स्टेशनरीवाले

उत्तर: तो आता जाणारही नाही. २०२३ च्या सुरुवातीला गुगलने विंडोज ७ साठी तिथेच थांबवलं. मशीन बरं असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकून बघा, फुकट आहे, ब्राउझर ताजा मिळतो. फक्त आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा आणि तुमचा प्रिंटर त्यावर चालतो का ते तपासा, नाहीतर झेरॉक्सच्या रांगेसमोर मला शिव्या घालाल. विंडोज ७ आहे तोवर बँकेचं काम मात्र आजपासूनच त्या मशीनवर बंद, सुरक्षेचे अपडेटच येत नाहीत.