हरणातल्या माशीच्या अळ्या: डीएनएनं ओळखायला सुरुवात करताना

हरणाच्या नाकातल्या अळ्या हाती आल्यात, म्हणजे सुरुवात छान झाली. आता एकच गोष्ट पक्की धर: अळी फॉर्मॅलिनमध्ये टाकू नकोस. त्यात डीएनए खराब होतो, मग पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) कितीदाही लावला तरी जेलवर, म्हणजे त्या प्रती तपासायच्या थरावर, पट्टी उमटत नाही. ९५ टक्क्यांचं इथेनॉल घे. अळी जाड असेल तर दुसऱ्या दिवशी ते बदल, कारण तिच्या अंगातल्या पाण्यानं ते पातळ होतं.

मार्कर, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरायचा डीएनएचा भाग, सध्या एकच पुरे: मायटोकॉन्ड्रियातला सीओआय नावाचा जनुक, त्यातला सुमारे ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा. बाकीचे नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- अख्खी अळी वाटतात. पोटातून हरणाचा डीएनए येतो. कडेचा स्नायूचा बारीक तुकडाच घे.
- आधी फोटो काढत नाहीत. मागच्या टोकावरच्या दोन गडद श्वसन-तबकड्या जवळून टिप आणि उरलेली अळी जपून ठेव.
- डीएनए न घातलेली नळी सोबत लावत नाहीत. तिच्यातही पट्टी आली तर बाहेरचा डीएनए मिसळलाय हे कळतं.

तुझा तुकडा जेनबँकेशी (डीएनए क्रमांचा खुला साठा) जुळवल्यावर आलेलं पहिलं नाव लगेच मानू नकोस, यजमानाशी, म्हणजे अळी ज्या हरणात सापडली त्याच्याशी, पडताळून बघ. सेफेनेमिया स्टिम्युलेटर ही माशी रो हरणातली, फॅरिंजोमायिया पिक्टा मुख्यतः लाल हरणातली. जुळणी ९० टक्क्यांवरच अडकली तर प्रजातीचं नाव अजिबात लिहू नकोस.