कोळंबीची ॲलर्जी आणि पापणीजवळचं ऑपरेशन: बेटाडीन चालेल का?

तुमचा प्रश्न वाचला. आईंच्या खालच्या पापणीजवळची गाठ काढायचीय, त्यांना कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, म्हणून कोणीतरी सांगितलं की ऑपरेशनआधी कातडीला लावायचं बेटाडीन नको (त्यात आयोडीन असतं), डॉक्टरांना क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक वापरायला सांगा. असं प्लीज सांगू नका. मी २६ वर्षं ओटी सिस्टर होते, त्यातली निम्मी तरी ईएनटी आणि प्लास्टिकच्या टेबलाशी गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी कोळंबीचं. त्या ॲलर्जीचा आयोडीनशी काही संबंध नाही, ती कोळंबीतल्या एका प्रोटीनची असते. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठात आहे, ते आई खातातच की. हां, आधी कधी बेटाडीन लावलेल्या जागीच लाल होऊन खाज आली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती नक्की सांगा.

आता क्लोरहेक्सिडिन. औषध वाईट नाही, पोटाच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनला मस्त, कातडीवर कितीतरी तास काम करत राहतं. पण चेहऱ्याला फक्त जंतू किती मरतात हे बघून भागत नाही, ते ओघळून कुठे जाणार हे बघावं लागतं. पेशंट उताणा झोपलेला असतो, गालावर लावलेलं पाणी डोळ्याच्या कोपऱ्यात साठतं नाहीतर कानात उतरतं. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, जास्त झाली तर फूल पडून नजर जाते, असे पेशंट १९८० च्या दशकात नोंदले गेलेत. आणि कानाच्या पडद्याला भोक असेल तर आतल्या कानाला धोका. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये पडद्याच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना बहिरेपण आलं, तेव्हा संशय स्पिरिटमधल्या क्लोरहेक्सिडिनवरच गेला. पेशंट भुलीखाली असेल तर ना डोळा मिटणार ना 'झोंबतंय' म्हणणार, तोवर औषध आपलं काम करत बसतं.

म्हणून डोळ्याजवळ बहुतेक सर्जन बेटाडीनच घेतात. कातडीला १० टक्के, आणि डोळ्यासाठी ५ टक्के. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तर ते थेट डोळ्यातच घालतात. पण ते सोल्यूशन हवं, स्क्रब नाही. स्क्रबमध्ये साबण असतो आणि तो बुबुळाला चालत नाही. एकदा आमच्याकडे नवीन मुलीने ट्रॉलीवर स्क्रबची बाटली ठेवली, दोन्ही तपकिरीच, वाटीत ओतल्यावर फेस दिसला म्हणून मी ओरडले, नाहीतर तेच डोळ्याशी गेलं असतं. त्यानंतर मी लेबल मोठ्याने वाचूनच ओतायचे, मुली हसायच्या, हसू देत. आणि लावल्यावर दोन-तीन मिनिटं वाळू द्यावं लागतं, लगेच पुसून टाकलं तर लावून उपयोग काय.

स्पिरिटवाल्या औषधांचा अजून एक घोळ म्हणजे आग. आईंना त्या जागेपुरतीच भूल देतील, कदाचित नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, आणि रक्त थांबवायला कॉटरी, म्हणजे विजेवर तापवून जागा जाळणारं हत्यार. त्यात भुवईत किंवा केसांत स्पिरिट ओलं राहिलं असेल तर पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. नुसत्या कातडीवर तीनेक मिनिटांत वाळतं पण केसांत तासभरसुद्धा लागू शकतो.

तर तुम्ही काय करायचं, औषध सुचवू नका, माहिती द्या. आधीची कुठली रिॲक्शन, थायरॉईड असेल तर ते (एकदा चेहऱ्याला लावल्याने सहसा काही होत नाही, तरी सांगायचं), कानाच्या पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर ते. लेन्स वापरत असतील तर काढून जायचं. आणि आईंना सांगून ठेवा की भूल फक्त त्या जागेची असेल, डोळ्यात झोंबलं तर तिथल्या तिथे बोला, सलाईनने लगेच भरपूर धुतलं तर बरंच निभावतं. 'डॉक्टर रागावतील' म्हणून गप्प बसणाऱ्या आज्या मी खूप पाहिल्यात.

घरी आल्यावर टाक्यांना आपल्या मनाने सॅव्हलॉन लावू नका, त्यातही क्लोरहेक्सिडिनच असतं आणि जागा डोळ्याच्या अगदी शेजारी आहे. डिस्चार्जच्या कागदावर जे मलम लिहिलंय तेवढंच.