ब्रश कटर घेताय? आधी जमिनीत काय उभंय ते बघा

प्रश्न : बरीच वर्षं पडीक असलेली जमीन साफ करायचीय. निम्म्या भागात कमरेएवढं गवत, बाकी काटेरी झुडपं, आणि मधेमधे मनगटाएवढी जाड झाडं, वर दगडधोंडे. दुकानदार म्हणतो 52 सीसीचं ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाला ब्लेड फिरतं ते इंजिनचं मशीन) आणि 80 दातांचं गोल ब्लेड घ्या, सगळं होतंय. घेऊ का?

उत्तर : मशीन चालेल, पण एका ब्लेडने सगळं होतं हे डोक्यातून काढा. एवढ्या बारीक दातांची चकती दगडाला एकदा नीट घासली की बोथट झालीच समजा, आणि मग 80 दात घासत बसायला तुम्हाला वेळ आहे का? गवत आणि काटेरी झुडपांना तीन दातांचं जाड ब्लेड लावा, बुंधा अंगठ्याएवढा असेल तोवर ते पुरतं, धार कानशीने घरीच लावता येते. झुडूप उंच असेल तर वरून खाली टप्प्याटप्प्याने कापत या, एकदम बुडाला हात घातला की वेली शाफ्टला, म्हणजे मशीनच्या दांड्याला, गुंडाळतात आणि निम्मा दिवस त्या सोडवण्यात जातो. दगडांच्या कडेचं गवत ब्लेडच्या जागी नायलॉन दोरीचं हेड लावून काढा. करवतीसारखी चकती फक्त लाकडासाठी, आणि मनगटाएवढी झाडं मोजकीच असतील तर मी म्हणेन हातकरवतीने किंवा चेनसॉने पाडा, ब्रश कटरचा हट्ट कशाला.

नुसत्या सीसीवर जाऊ नका. गवतापुरतं 30 च्या आसपास भागतं, झुडपांना 40 च्या पुढचं लागतं, पण दिवसभर वजन तुमच्या खांद्यावर असतं त्यामुळे दोन्ही खांद्यांचा पट्टा आणि सायकलसारखं हँडल बघूनच घ्या. करवतीची चकती लावायची तर ते हँडल हवंच, गोल कडीचं नको. ब्लेडचं मधलं भोक पण मापून घ्या, 25.4 आणि 20 मिमी दोन्ही मिळतात, ढिलं बसलेलं ब्लेड लावायचं नाही म्हणजे नाही. ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा असतो, बरेच जण नेहमीच्या बाजूने जोर लावून आटेच खराब करून ठेवतात!

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरून बघितलं तर ब्लेड घड्याळाच्या उलट फिरतं. ब्लेडच्या जागी आडवं घड्याळ आहे आणि 12 तुमच्या अगदी समोर आहे असं समजा, तर 12 ते 3 च्या मधल्या कडेने जाड बुंध्याला स्पर्श झाला की मशीन झटक्यात उजवीकडे मागे फेकलं जातं, सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून बुंधा डाव्या कडेने घ्यायचा, इंजिन आधी पूर्ण वेगात आणून. आणि 15 मीटरच्या आत कोणी नको, मदतनीस असला तरी नको, कारण दगड कुठे उडेल ते आपल्याला कळत नाही.

प्रश्न : दोरी सारखी तुटते म्हणून तिच्या जागी साखळीचे तुकडे असलेलं हेड लावलं तर?

उत्तर : अजिबात नाही. कडी निसटली तर गोळीसारखी जाते. माणूस दगावल्यानंतर युरोपियन युनियनने 2012 मध्ये अशा हेडच्या विक्रीवर बंदी आणली. दोरी तुटत असेल तर आधी जाडी बघा, 2.4 मिमी ऐवजी 3 मिमी लावून पाहा (हेडला आणि इंजिनला झेपत असेल तरच), नाहीतर तिथे ब्लेडच हवंय असं समजा.

प्रश्न : टू स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं?

उत्तर : मॅन्युअलमध्ये 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) लिहिलंय तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली, 25:1 असेल तर 40. अंदाजाने ओतू नका, कमी पडलं तर पिस्टन जाम होतो आणि जास्त झालं तर प्लग काळा पडून मशीन सुरूच होत नाही.